कराचे खटले आणि सरकारी वकील : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करसल्ल्याचं काम करताना लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतले सरकारी वकिलांविषयीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर प्राप्तिकरावर आहे, कारण बहुतेक पत्रं त्याचीच येतात. जीएसटी आणि राज्याचे कर सहाव्या प्रश्नात आहेत. कलमांचे क्रमांक १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातले आहेत. २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला, तरी आधीच्या वर्षांचे वाद जुन्याच कायद्याखाली चालतात आणि आज कोर्टात पडून असलेले जवळजवळ सगळे वाद तेच आहेत.

१. मला इन्कम टॅक्सची नोटीस आली आहे. ती सरकारी वकिलाने पाठवली आहे का?

नाही. नोटीस काढतो तो निर्धारण अधिकारी, म्हणजे आपण ज्याला एओ म्हणतो तो. उत्पन्न किती धरायचं, कोणती वजावट नाकारायची, दंडाची कारवाई सुरू करायची की नाही, हे सगळं खात्यातले अधिकारीच ठरवतात. त्यात वकिलाची सही नसते आणि बहुतेक वेळा त्याचा सल्लाही घेतलेला नसतो. खाजगी वादात वकिलाची नोटीस आधी येते आणि भांडण नंतर कोर्टात जातं. करात मात्र अधिकारी आदेश काढून मोकळा होतो आणि तो आदेश टिकवण्याचं काम काही वर्षांनी वकिलाच्या गळ्यात पडतं. माझ्या मते आपल्याकडच्या कराच्या वादांचं अर्धं दुखणं या उलट्या क्रमात आहे.

२. "इन्कम टॅक्सचा सरकारी वकील बोलतोय, आज पैसे भरा नाहीतर अटक होईल" असा फोन आला. खरं असू शकतं का?

नाही, ही फसवणूक आहे. खात्याचा वकील करदात्याला फोन करून वसुली करत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक नोटिशीवर, आदेशावर, पत्रावर डीआयएन हा संगणकाने दिलेला क्रमांक लागतो. मोजके अपवाद आहेत, पण त्यांचं कारण पत्रातच लिहावं लागतं. ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही नोटीस खरी आहे का ते तपासता येतं. फोन ठेवा आणि आधी ते तपासा.

३. मग वकील नेमका कोणत्या टप्प्यावर येतो?

एओच्या आदेशाविरुद्ध पहिलं अपील आयुक्त (अपील) यांच्याकडे. तेही खात्यातलेच अधिकारी. तिथे एओला बाजू मांडण्याचा हक्क आहे, पण प्रत्यक्षात तो रिमांड रिपोर्ट (आयुक्तांनी मागवलेला अहवाल) पाठवतो आणि थांबतो. दुसरं अपील प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाकडे, ज्याला सगळे ट्रिब्युनल म्हणतात. तिथेही खात्याच्या बाजूने सहसा वकील नसतो (प्रश्न ४). वकील येतो तो हायकोर्टात, कलम २६०ए खालच्या अपिलात किंवा घटनेच्या कलम २२६ खालच्या रिट याचिकेत.

एक बारकावा लक्षात ठेवा. कलम २६०ए मध्ये फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न ऐकला जातो. रोकड कुठून आली, खरेदी खरी होती की बोगस, असे वस्तुस्थितीचे प्रश्न ट्रिब्युनलमध्येच संपतात. म्हणजे खात्याला वकील मिळतो तोपर्यंत पुराव्याचा खेळ आटोपलेला असतो. फाइलमध्ये पुरावा नसेल तर कितीही नामांकित वकील दिला तरी तो नव्याने पुरावा उभा करू शकत नाही.

४. ट्रिब्युनलमध्ये खात्यातर्फे बोलणारे कोट-टायवाले साहेब वकील नसतात का?

ते "डीआर", म्हणजे विभागीय प्रतिनिधी. भारतीय महसूल सेवेतले अधिकारी. काल ज्यांनी निर्धारण केलं ते आज बदलीवर येऊन दुसऱ्याने केलेलं निर्धारण सावरत असतात. मोठ्या प्रकरणात आयुक्त दर्जाचे डीआर येतात आणि फारच मोठ्या प्रकरणात खातं विशेष वकील नेमतं.

सुनावणी एकदा तरी जाऊन पाहावी. करदात्याचा प्रतिनिधी पेपरबुकाची, म्हणजे दाखल केलेल्या कागदांच्या संचाची, पानं सांगत जातो, "पान ११२ वर बँक स्टेटमेंट, पान १४० वर पुरवठादाराचं पत्र." डीआर साहेबांपुढे त्या दिवशीच्या यादीतल्या सगळ्या फाइलींचा ढीग असतो. प्रकरण कच्चं असलं की "मी एओच्या आदेशावर विसंबतो" एवढ्यावर काम आटोपतं. प्रकरणात दम असेल तर तेच साहेब रिमांड रिपोर्टमधली एखादी ओळ काढून समोरच्याची बोलती बंद करतात. अनेक डीआर कायद्यात वकिलांपेक्षा पक्के असतात, हे समोरच्या बाजूला बसूनही सांगावंसं वाटतं.

त्यांच्या अधिकाराला मर्यादा आहे. महिंद्र अँड महिंद्र प्रकरणात ट्रिब्युनलच्या मुंबईतल्या विशेष पीठाने २००९ मध्ये सांगितलं की डीआरने एओच्या आदेशाचं समर्थन करावं, पण एओने न मांडलेला नवाच मुद्दा उभा करून आदेशाला नवं रूप देऊ नये. सुनावणीत अचानक नवं कारण पुढे आलं, तर हा निकाल हाताशी ठेवा.

ट्रिब्युनल स्वतः अर्थ मंत्रालयाच्या हाताखाली नाही. २५ जानेवारी १९४१ ला सुरू झालेली ही संस्था कायदा मंत्रालयाच्या अखत्यारीत येते आणि तिचं मुख्यालय मुंबईत आहे. पुणे, नागपूर आणि पणजी इथेही पीठं आहेत.

५. "स्टँडिंग कौन्सेल" म्हणजे पगारी सरकारी नोकर का? आणि अॅटर्नी जनरल, एएसजी कधी येतात?

स्टँडिंग कौन्सेल नोकर नसतो. तो स्वतंत्र व्यवसाय करणारा वकील असतो. खातं त्याला ठराविक मुदतीसाठी पॅनेलवर घेतं, सीनिअर किंवा ज्युनिअर म्हणून, आणि कामाप्रमाणे ठरलेल्या दराने फी देतं. इतर अशिलांचं काम तो करू शकतो, खात्याविरुद्धचं नाही. मोठ्या खाजगी फर्मच्या फीशी या दरांची तुलना होत नाही. तरीही तरुण वकील पॅनेलसाठी धडपडतात, कारण रोज उभं राहायला मिळतं आणि दोन-तीन वर्षांत कायद्याचा प्रत्येक कोपरा डोळ्याखालून जातो.

त्यांच्या वर भारत सरकारचे विधी अधिकारी. अॅटर्नी जनरल हे घटनेच्या कलम ७६ मधलं पद आहे. सॉलिसिटर जनरल आणि अतिरिक्त सॉलिसिटर जनरल (एएसजी) ही पदं घटनेत नाहीत. कायद्याची वैधता पणाला लागली, रक्कम प्रचंड असली किंवा निकालाचा परिणाम हजारो प्रकरणांवर होणार असला की हे उभे राहतात. व्होडाफोनचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. सुमारे ११,००० कोटींची मागणी होती. मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०१० मध्ये खात्याच्या बाजूने निकाल दिला. सुप्रीम कोर्टात कंपनीतर्फे हरीश साळवे आणि सरकारतर्फे तेव्हाचे सॉलिसिटर जनरल रोहिंटन नरिमन उभे राहिले. २० जानेवारी २०१२ ला सरकार हरलं. त्यानंतर सरकारने त्याच वर्षी कायदा पूर्वलक्षी बदलला आणि २०२१ मध्ये तो बदल गुंडाळला, हा निर्णय वकिलांचा नव्हता. कोर्टात हरलेली बाजू संसदेत जिंकायची की नाही हे राजकीय नेतृत्व ठरवतं.

६. जीएसटीचे आणि राज्याचे सरकारी वकील वेगळे असतात का?

हो, आणि इथे घोटाळा फार होतो. आदेश केंद्रीय जीएसटी आयुक्तालयाचा असेल तर हायकोर्टात केंद्राच्या पॅनेलवरचा वकील येतो. आदेश माझगावच्या जीएसटी भवनातून किंवा राज्याच्या दुसऱ्या कार्यालयातून आला असेल तर राज्याचे सरकारी वकील येतात: सरकारी वकील, अतिरिक्त सरकारी वकील, सहायक सरकारी वकील, ज्यांना कोर्टात सगळे एजीपी म्हणतात. त्यांच्या नेमणुका राज्याच्या १९८४ च्या विधी अधिकारी नियमांखाली होतात. त्या सगळ्यांच्या वर महाधिवक्ता, घटनेचं कलम १६५.

याचिकेत केंद्र आणि राज्य दोघांना पक्षकार केलं असेल तर दोघांनाही प्रती द्या. नाहीतर पहिल्याच तारखेला "आम्हाला कागद मिळाले नाहीत" ऐकून परत यावं लागतं. कोणतं पीठ, तेही पाहा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात पर्वरी ही जुनी ठिकाणं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्याकडे आहेत.

जीएसटीचं अपिलीय न्यायाधिकरण कागदावर २०१७ पासून होतं, पण त्याचं उद्घाटन झालं २४ सप्टेंबर २०२५ ला. मधली आठ वर्षं जो वाद ट्रिब्युनलमध्ये जायला हवा होता तो रिट याचिका होऊन हायकोर्टात गेला आणि दोन्ही सरकारांच्या वकिलांची त्यात दमछाक झाली.

७. घरपट्टीच्या वादात सरकारी वकील येतो का?

नाही. महापालिकेचं स्वतःचं विधी खातं आणि स्वतःचे वकील असतात. मुंबईत मालमत्ता कराच्या मूल्यनिश्चितीविरुद्धचं अपील १८८८ च्या महापालिका कायद्याखाली लघुवाद न्यायालयात जातं.

८. खातं हरलं तर पुढे अपील करायचं की नाही, हे सरकारी वकील ठरवतो ना?

मत तो देतो, निर्णय खात्याचा असतो. ट्रिब्युनलचा निकाल आला की एओ छाननी अहवाल तयार करतो. तो वरिष्ठांमार्फत प्रधान आयुक्तांकडे जातो. अपील योग्य वाटलं तर कागद स्टँडिंग कौन्सेलकडे मसुद्यासाठी येतात. हायकोर्टात अपिलाची मुदत १२० दिवसांची. सुप्रीम कोर्टात जायचं तर प्रस्ताव दिल्लीला, आधी प्रत्यक्ष कर मंडळाकडे (खात्याच्या वरची संस्था, पुढे नुसतं "मंडळ") आणि मग कायदा मंत्रालयाकडे जातो. तिथे विधी अधिकाऱ्याचं मत घेतलं जातं आणि दाखल करण्याचं काम मंत्रालयाचा केंद्रीय अभिकरण विभाग करतो. हे सगळं ९० दिवसांत.

मुदत का टळते याचं उत्तर या प्रवासातच आहे. २०१२ च्या लिव्हिंग मीडिया प्रकरणात (ते टपाल खात्याचं होतं) सुप्रीम कोर्टाने सुनावलं की फाइल टेबलांवर फिरत होती ही सबब सरकारलाही कायमची वापरता येणार नाही. तेव्हापासून विलंबमाफीच्या प्रत्येक अर्जात करदात्याचा वकील हाच निकाल पुढे करतो.

चांगला सरकारी वकील ओळखायचा तर मी जिंकलेली प्रकरणं मोजणार नाही. "या प्रकरणात अपील करू नका" असं त्याने किती वेळा लेखी दिलं, ते पाहीन. ते मत बाहेर कुणाला दिसत नाही, त्याची बातमी होत नाही आणि ते देणं सोपंही नाही. अपील केलं आणि हरलं तर कोणी विचारत नाही. अपील केलं नाही आणि पुढे कॅगच्या किंवा दक्षतेच्या कुणी फाइल उघडली, तर "का केलं नाही?" हा प्रश्न अधिकाऱ्याला येतो. मग अधिकारी सुरक्षित वाट धरतो आणि वकिलाचं मत फाइलला टाचून राहतं. म्हणूनच रकमेच्या मर्यादा आल्या (प्रश्न ९).

९. माझ्या प्रकरणात वाद छोटा आहे. खातं अपील करू शकतं का?

कलम २६८ए खाली मंडळाने मर्यादा घातल्या आहेत. १७ सप्टेंबर २०२४ पासून करपरिणाम ट्रिब्युनलसाठी ६० लाख, हायकोर्टासाठी २ कोटी, सुप्रीम कोर्टासाठी ५ कोटींपेक्षा जास्त असेल तरच खात्याने अपील करायचं. त्याआधी, २०१९ पासून, हेच आकडे ५० लाख, १ कोटी आणि २ कोटी होते. जीएसटीत २०२४ च्या जूनमधल्या परिपत्रकाने ट्रिब्युनलला २० लाख, हायकोर्टाला १ कोटी, सुप्रीम कोर्टाला २ कोटी ठरवले.

करपरिणाम म्हणजे वाढवलेलं उत्पन्न नव्हे, त्यावरचा कर. समजा एओने दीड कोटी उत्पन्न वाढवलं आणि ट्रिब्युनलमध्ये नेण्याजोगा वाद तेवढाच आहे. सरचार्ज बाजूला ठेवला तर ३१.२ टक्क्यांनी कर ४६ लाख ८० हजार. व्याज धरून मागणी ६५ लाखांवर गेली असेल, पण वाद व्याजाबद्दलच नसेल तर व्याज मोजत नाहीत. म्हणजे खात्याने अपील करायचं नाही. प्रत्येक वर्ष वेगळं मोजतात.

अपवाद मात्र मोठे आहेत. तरतूद घटनाबाह्य ठरवली, मंडळाचं परिपत्रक बेकायदा ठरवलं, सीबीआय किंवा ईडीसारख्या यंत्रणेच्या माहितीवरून निर्धारण झालं, खटला दाखल झाला आहे, परदेशातलं दडवलेलं उत्पन्न आहे, पेनी स्टॉकमधला (अगदी कमी भावाच्या शेअरमधला) बोगस भांडवली नफा आहे, तर रक्कम कितीही कमी असो, गुणवत्तेवर अपील करता येतं. पेनी स्टॉकच्या प्रकरणात "माझी रक्कम कमी आहे" म्हणून निर्धास्त राहिलेले लोक पुढे धावत येतात.

आणि ही मर्यादा खात्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. तुम्ही एका रुपयासाठीही अपील करू शकता.

१०. हाच मुद्दा दुसऱ्या करदात्याच्या बाजूने लागला आणि खात्याने तो निकाल स्वीकारला. आता माझ्याविरुद्ध उलटी भूमिका कशी?

आधी शोधा की अपील का केलं नाही. रक्कम कमी होती म्हणून सोडलं असेल, तर कलम २६८ए स्पष्ट सांगतं की त्याला मान्यता समजायचं नाही. त्याच करदात्याच्या पुढच्या वर्षातही खातं तो मुद्दा लढवू शकतं.

पण मर्यादेचं कारण नसताना गुणवत्तेवर निकाल स्वीकारला असेल, तर बर्जर पेंट्स (सुप्रीम कोर्ट, २००४) तुमच्या कामाचा. एका करदात्याबाबत निकाल मान्य करून दुसऱ्याबाबत सबळ कारणाशिवाय तोच आव्हानाला देता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. तुमच्याच आधीच्या वर्षांत खात्याने एकच भूमिका सातत्याने स्वीकारली असेल, तर राधास्वामी सत्संग (१९९२) पाहा. करात प्रत्येक वर्ष वेगळं असलं तरी वस्तुस्थिती तीच असताना उगाच पवित्रा बदलू नये, हा त्याचा आशय.

११. हायकोर्टाने मुद्दा निकाली काढला तरी एओ माझ्या उत्पन्नात तीच जुनी भर घालतो. सरकारी वकील त्याला सांगत नाही का?

सांगतो, पण एओ त्याच्या हाताखाली नाही आणि तो एओच्या वरचा नाही. बांधून ठेवणारा आहे तो निकाल. १९९१ च्या कमलाक्षी फायनान्स प्रकरणात, जे मुंबई हायकोर्टातून वर गेलं होतं, सुप्रीम कोर्टाने अधिकाऱ्यांना बजावलं की वरच्या प्राधिकरणाचा आदेश "खात्याला मान्य नाही" एवढ्या कारणाने डावलता येणार नाही. आदेशाला स्थगिती असेल तरच गोष्ट वेगळी.

खात्याला मुद्दा जिवंत ठेवायचा असेल तर सरळ रस्ता आहे. तोच कायद्याचा प्रश्न वरच्या कोर्टात प्रलंबित असेल तर कलम १५८एबी खाली अपील पुढे ढकलण्याची सोय आहे. ती वापरली तर तुमची तारीख वाचते आणि वकिलाचा वेळही.

१२. कराचा कायदा लिहितो कोण? हेच वकील का?

नाही. अर्थसंकल्पातल्या प्राप्तिकराच्या तरतुदी प्रत्यक्ष कर मंडळाचा करनीती आणि विधिनिर्माण विभाग तयार करतो, तिथे महसूल सेवेतले अधिकारी असतात. मसुदा नंतर कायदा मंत्रालयाच्या विधान विभागाकडून तपासून घेतला जातो. पॅनेलवरच्या वकिलांचा हात असला तर अप्रत्यक्ष. ते ज्या मुद्द्यावर हरतात, त्याची दुरुस्ती पुष्कळदा पुढच्या वित्त विधेयकात दिसते.

१३. परिपत्रक माझ्या बाजूने आहे, पण सरकारी वकील कोर्टात त्याच्या उलट बोलतो. चालतं का?

कलम ११९ खालचं परिपत्रक खात्याच्या अधिकाऱ्यांवर बंधनकारक असतं, त्यामुळे त्याच्या विरुद्ध युक्तिवाद करायला खात्याला जागा नसते. अपवाद सुप्रीम कोर्टाच्या रतन मेल्टिंग (२००८) निकालाचा. हायकोर्टाचा किंवा सुप्रीम कोर्टाचा निकाल परिपत्रकाच्या उलट असेल तर कोर्ट निकालाप्रमाणे जाणार, परिपत्रकाप्रमाणे नाही. परिपत्रक तुम्हाला बांधत नाही, हेही विसरू नका. ते तुमच्या विरुद्ध असेल तर त्याची वैधता लढवता येते.

१४. सरकारी वकिलाने सुनावणीत मुद्दा कबूल केला. नंतर खातं फिरलं. आता?

कबुली वस्तुस्थितीची की कायद्याची? "ही पावती फाइलमध्ये आहे" असं वकिलाने म्हटलं आणि ते आदेशात नोंदलं गेलं, तर खात्याला त्यातून सुटणं अवघड. "कायद्याप्रमाणे हा कर लागत नाही" ही कबुली चुकीची असेल तर ती खात्याला बांधत नाही, कारण कायद्याचा अर्थ लावणं कोर्टाचं काम. आणि वकिलाला तशा सूचनाच नव्हत्या असं खातं म्हणू शकतं. कबुलीवर विसंबून तुमचे बाकीचे मुद्दे सोडून देऊ नका, ते मांडून ठेवा.

१५. "पुढच्या तारखेपर्यंत वसुली करणार नाही" असं खात्याच्या वकिलाने कोर्टात सांगितलं, तरी बँक खातं गोठवलं. काय करू?

कोर्टाच्या आदेशाची प्रत उघडा. निवेदन आदेशात नोंदलं असेल आणि कोर्टाने ते स्वीकारलं असेल, तर त्याचा भंग म्हणजे अवमानाचा विषय. बऱ्याचदा कारण साधं असतं: वकिलाने कोर्टात शब्द दिला, पण तो वसुलीच्या टेबलापर्यंत पोचलाच नाही. म्हणून सुनावणी झाली त्याच दिवशी एओ आणि वसुली अधिकाऱ्याला ईमेल करा, सहीचा आदेश आला की तो पुन्हा पाठवा. निवेदन नुसतं तोंडी होतं आणि आदेशात त्याचा उल्लेख नाही, तर तुमच्या हातात काही नाही. वकिलाला त्याच वेळी "नोंद घ्यावी" अशी विनंती करायला सांगा.

मुळात स्थगिती द्यायची की नाही हे पहिल्या टप्प्यावर अधिकारीच ठरवतात. पहिलं अपील प्रलंबित असताना साधारण २० टक्के भरण्याचा नियम मंडळाच्या ३१ जुलै २०१७ च्या सूचनेतून आला आहे. वकिलाचा त्यात हात नाही.

१६. टीडीएस कापला पण भरला नाही म्हणून फौजदारी तक्रार झाली आहे. हा वकील आणि हायकोर्टातला वकील एकच का?

नाही. फौजदारी खटल्यांसाठी वेगळं पॅनेल असतं. मुंबईत हे खटले बॅलार्ड पियरच्या आर्थिक गुन्ह्यांच्या न्यायालयात चालतात. खटल्याला कलम २७९ खालची मंजुरी लागते आणि ती आयुक्त देतात, वकील नाही. कलम २७८ई मुळे गुन्हेगारी हेतू होता असं गृहीत धरलं जातं आणि तो नव्हता हे आरोपीला सिद्ध करावं लागतं. त्यामुळे फिर्यादी पक्षाचं काम आधीच हलकं झालेलं असतं.

याच कारणाने इथे वकिलाची जबाबदारी जास्त आहे. बार कौन्सिलच्या नियमांत फिर्यादीतर्फे उभ्या राहणाऱ्या वकिलासाठी वेगळा नियम आहे: निरपराध माणसाला शिक्षा होईल अशा रीतीने खटला चालवू नये आणि आरोपीला उपयोगी पडणारा पुरावा दडवू नये. तुम्ही कर व्याजासह भरल्याचं चलन खात्याच्या फाइलमध्ये असेल, तर ते कोर्टापुढे आणणं त्याचंही कर्तव्य आहे. तरी त्याच्या भरवशावर राहू नका, चलन तुम्हीच दाखल करा.

१७. सरकारी वकिलाला भेटून प्रकरण मिटवता येईल का?

तडजोड करण्याचा अधिकार त्याला नसतो. फौजदारी प्रकरणात कंपाउंडिंगचा, म्हणजे ठरलेली रक्कम भरून खटला मिटवण्याचा, अर्ज खात्याकडे करायचा असतो. कराच्या रकमेवर घासाघीस होत नाही. २०२० आणि २०२४ मध्ये आली तशी "विवाद से विश्वास" योजना असेल तर तिच्या ठरलेल्या टक्केवारीने सुटका होते. तुम्हाला वकील असेल तर सरकारी वकिलाशी बोलणं त्याच्यामार्फतच व्हावं. आणि "साहेबांशी ओळख आहे, मी मिटवून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच निरोप द्या.

१८. जे वकील पूर्वी माझं काम बघायचे ते आता खात्याच्या पॅनेलवर आहेत. ते माझ्याविरुद्ध उभे राहू शकतात का?

त्याच प्रकरणात नाही, बार कौन्सिलचा नियम स्पष्ट आहे. पूर्णपणे वेगळ्या प्रकरणात राहू शकतात, पण तुमची गोपनीय माहिती वापरू शकत नाहीत. निर्धारणाच्या वेळी सल्ला त्यांनी दिला आणि आता त्याच वर्षाचं अपील आहे, तर ते प्रकरण तेच समजा आणि आधी त्यांना पत्र लिहा. बहुतेक जण स्वतःहून फाइल परत करतात.

१९. माझ्या प्रकरणात सरकारी वकिलाने काय मत दिलं, ते माहितीच्या अधिकारात मिळेल का?

सहसा मिळत नाही. वकील आणि अशील यांच्यातला संवाद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने संरक्षित आहे आणि माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ई) पुढे केलं जातं. हा हक्क अशिलाचा, म्हणजे खात्याचा आहे. खात्याने स्वतः दिलं तर गोष्ट वेगळी. त्यापेक्षा अपील दाखल केलं की नाही आणि केव्हा, ही माहिती मागा. ती जास्त उपयोगी आहे.

२०. अमेरिकेतली बहीण सांगते, तिथे आयआरएसचे (तिथल्या कर खात्याचे) स्वतःचे वकील असतात. आपल्याकडे तसं का नाही?

तिथे आयआरएसमध्ये चीफ कौन्सेलचं स्वतंत्र कार्यालय आहे. चीफ कौन्सेलची नेमणूक राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने करतात. नियमांच्या मसुद्यापासून अधिकाऱ्यांना सल्ला देण्यापर्यंत आणि यूएस टॅक्स कोर्टात उभं राहण्यापर्यंतची कामं तिथले पगारी वकील करतात. कर भरून परतावा मागणारा दावा जिल्हा न्यायालयात गेला तर मात्र न्याय विभागाचे वकील येतात. फरक असा की तिथे नोटीस पक्की होण्याआधी वकिलाची नजर फाइलवर पडू शकते. आपल्याकडे आयुक्तालयात एखादा अनुभवी वकील निर्धारणाच्या वेळी सल्ल्याला बसवला, तर बरेचसे आदेश लिहिलेच जाणार नाहीत, असं मला वाटतं.

२१. खात्याचा वकील दर वेळी तारीख मागतो. उपाय काय?

आधी खात्री करा की प्रकरण कोणत्यातरी वकिलाकडे सोपवलेलं आहे. खात्यातला न्यायिक विभाग प्रकरणं वाटतो. पॅनेलची मुदत संपून नवं पॅनेल आलं की जुन्या फाइली काही काळ कुणाच्याच नसतात. त्या विभागात चौकशी करून नाव काढा, याचिकेचा किंवा अपिलाचा पूर्ण संच त्या वकिलाच्या ऑफिसात पोचवा, पोच घ्या आणि ईमेलही पाठवा. उत्तराचं प्रतिज्ञापत्र एओने शपथेवर द्यायचं असतं. ते अडलं असेल तर वकिलाला दोष देऊन उपयोग नाही, एओकडे पाठपुरावा करा. एवढं करूनही तारीख मागितली गेली, तर पोचपावत्या कोर्टापुढे ठेवा आणि "शेवटची संधी" असा शब्द आदेशात यावा अशी मागणी करा. त्यानंतरच्या तारखेला खर्चाचा आदेश मागता येतो.